तालुक्याच्या गावी पाच दिवसांची व्याख्यानमाला: विषय, वक्ते, माईक, प्रश्नोत्तरं यांबद्दल सल्ला हवा

ग्रंथघर (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय, सरकारी वर्गवारीत 'ब' वर्ग. वाचनालयाची व्याख्यानमाला पूर्वी चालायची, पुढे बंद पडली. येत्या वर्षी ती पुन्हा सुरू करायचं कार्यकारिणीत ठरलंय. पाच दिवस, रोज एक व्याख्यान: इतिहास, राजकारण, साहित्य, कला आणि एक गावाशी निगडित विषय.

हाताशी काय आहे ते सांगतो. वाचनालयाचं सभागृह साधारण साठ फूट लांब, पत्र्याचं छत, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या. खुर्च्या दीडशे. अंदाजपत्रक ७५,००० रुपयांचं, त्यातले निम्मे अजून जमवायचेत. तारखा ठरलेल्या नाहीत. मे की जानेवारी यावर दोन तट आहेत.

विचारायचं ते असं. वक्त्यांना कधी आणि काय लिहायचं? विषय त्यांच्यावर सोडायचा की आपण द्यायचा? ध्वनिव्यवस्थेला नेमकं काय सांगायचं? आणि रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकायचं तर कोणाची परवानगी लागते? जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही.

शकावली

सुरुवात विषयापासून करा, वक्त्यापासून नको. बहुतेक मंडळं आधी नाव ठरवतात, मग फोनवर "काहीही बोला सर, लोक तुम्हाला ऐकायला येतात" म्हणतात. मग वक्ता आपलं ठेवणीतलं भाषण काढतो. 'शिवकाळाचा संदेश', 'आजचे राजकारण', 'साहित्य आणि समाज' हे विषय पत्रिकेवर भारदस्त दिसतात, पण सव्वा तासात त्यांतून ऐकणाऱ्याच्या हाती नवीन काही लागत नाही. विषय अरुंद हवा. अरुंद विषयाला वक्त्याला तयारी करावीच लागते आणि ऐकणाऱ्यालाही घरी जाताना काय कळलं ते सांगता येतं.

इतिहासाचं उदाहरण घ्या. 'शिवजन्माची तारीख कशी ठरली' एवढ्यावर एक संध्याकाळ भरते. बखरींमधून आलेली शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७. आणि लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी) शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाचं शिवभारत हे समकालीन संस्कृत काव्य दुसऱ्या तिथीच्या बाजूने उभं राहतं, जोधपूरकडे सापडलेली कुंडलीही तिलाच दुजोरा देते. बखर नंतर लिहिलेली, शकावलीतल्या नोंदी त्रोटक पण कोरड्या. कुठल्या साधनाला किती वजन द्यायचं, तिथीवरून तारीख कशी काढायची, एक नोंद दुसरीशी कशी ताडून पाहायची, हे सगळं या एका प्रश्नातून समजावता येतं. इतिहास म्हणजे काय हे निराळं सांगावं लागत नाही.

राजकारणाचंही तसंच. पक्षांच्या बेरीज-वजाबाकीवर भाषण ठेवलं की सभागृहात दोन गट पडतात आणि मिळतं तेच जे रोज रात्री टीव्हीवर मिळतं. त्याऐवजी पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती घ्या. ती १९९३च्या एप्रिलमध्ये अमलात आली, अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय आले. त्यांतले आपल्या ग्रामपंचायतीकडे आणि पंचायत समितीकडे प्रत्यक्षात किती आले, पैसा कोणत्या वाटेने येतो, ग्रामसभेने केलेला ठराव पुढे कुठे जातो? तालुक्याच्या गावी यावर प्रश्नांचा पाऊस पडतो, कारण श्रोत्यांत आजी-माजी सदस्य बसलेले असतात.

साहित्याच्या व्याख्यानाला मूळ मजकूर श्रोत्यांच्या हातात द्या. तुकोबांचे पाच अभंग घेतले तर ते एका कागदावर मोठ्या टाइपात छापून प्रत्येक खुर्चीवर ठेवा. वक्ता शब्दाशब्दावर थांबतो आणि डोळे कागदावर असले की लोक अर्थ लावण्यात सामील होतात. दीडशे झेरॉक्सचा खर्च किरकोळ आहे.

गावाच्या विषयासाठी बाहेर बघूच नका. तुमच्या भागात एखाद्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, असणारच. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई सोडवण्याचा प्रसंग, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. हे वाचायला शिकवणारं संध्याकाळचं व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच वीरगळासमोर अर्धा तास. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी बारा वाजता काही दिसत नाही. रंग, तेल, शेंदूर काढायचा प्रयत्न मात्र कोणी करू नये, दगडाचा पृष्ठभाग निघून येतो.

आता पत्र. चार महिने आधी, लेखी, आणि एकाच पत्रात सगळं: विषय एका वाक्यात, त्यात कोणते दोन-तीन मुद्दे यावेत अशी अपेक्षा आहे, श्रोते कोण (वयोगट, शिक्षण, या विषयावर पूर्वी काय ऐकलंय), बोलायला किती मिनिटं, प्रश्नोत्तरांना किती, मानधनाचा आकडा, प्रवास आणि मुक्कामाची सोय, रेकॉर्डिंग होणार की नाही. मानधनाचा आकडा लिहायला संकोचू नका. "यथाशक्ती" हा शब्द वक्त्याला अडचणीत टाकतो. त्याला विचारता येत नाही आणि नाकारताही येत नाही. होकार आला की पंधरा दिवस आधी फोन, दोन दिवस आधी पुन्हा फोन.

पाच वक्त्यांशिवाय एक राखीव वक्ता हवाच. गावातलाच एखादा प्राध्यापक किंवा अभ्यासक, ज्याचा विषय ठरलेला आणि तयार आहे. घाट बंद, ताप, सुतक यांपैकी काहीतरी पाच दिवसांत एकदा होतंच. राखीव वक्त्यालाही तेवढंच मानधन ठरवा आणि पुढच्या वर्षीचं एक पुष्प त्याच्यासाठी राखून ठेवा. नाहीतर तयारी करून बसलेला माणूस विनाकारण दुखावतो.

जमाखर्च

पैशाचं आणि परवानग्यांचं लिहितो.

७५,००० मध्ये पाच दिवस नीट होतात. मानधन ५,००० प्रमाणे पंचवीस हजार. प्रवास सरासरी तीन हजार धरला तर पंधरा. ध्वनी दिवसाला अडीच हजार, म्हणजे साडेबारा. पत्रिका, फलक, झेरॉक्स सहा. चहा रोज दीड हजार, साडेसात. रेकॉर्डिंग पाच. बेरीज ७१,०००, चार हजार शिल्लक. मुक्काम सभासदाच्या घरी किंवा शासकीय विश्रामगृहात होऊ शकतो, पण घरी ठेवणार असाल तर वक्त्याला आधी विचारा. रात्री दोन तास बोलून आलेल्या माणसाला यजमानांशी पुन्हा गप्पा मारत बसायची ताकद नसते. दर गावागणिक बदलतील, प्रमाण मात्र असंच ठेवा. सजावट, शाली, स्मृतिचिन्हं यांवर खर्च वाढायला लागला की तो प्रवासखर्चातून कापला जातो आणि लांबचा वक्ता पुढच्या वर्षी येत नाही.

पैसे उभे करायचा टिकाऊ मार्ग म्हणजे एकेक पुष्प कुणाच्या तरी स्मृतीला जोडणं. एखाद्या कुटुंबाने दोन लाखांची ठेव वाचनालयाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवली तर साडेसहा टक्के व्याज धरून वर्षाला तेरा हजार येतात. एका दिवसाचा खर्च जवळजवळ भागतो. ठराव करून घ्या: मुद्दल मोडायचं नाही, व्याज त्याच कामाला, आणि विषय व वक्ता ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे वाचनालयाचा. हे तिसरं कलम कागदावर नसेल तर काही वर्षांनी देणगीदारांच्या घरून वक्त्याचं नाव येतं. पेढ्या, पतसंस्था, साखर कारखाना यांच्याकडून घेतलं तरी हीच अट. फलकावर त्यांचं नाव जरूर लावा, पण भाषण करायला व्यासपीठ देऊ नका.

वाचनालय नोंदणीकृत न्यास असेल तर छापील पावतीवर देणगी घ्यायला अडचण नाही. व्याख्यानमालेसाठी वेगळी, नोंदणी नसलेली समिती करून वर्गणी काढणार असाल तर धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१क खालची परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. सोपं म्हणजे सगळं वाचनालयाच्याच खात्यात घ्या. मानधन व्याख्यान झाल्यावर त्याच रात्री, व्हाउचरवर सही घेऊन. ५,००० च्या वर रोख दिलीत तर पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

ध्वनिक्षेपकाबद्दल: बंद सभागृहात आतल्या श्रोत्यांपुरता माईक असेल तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरची बंदी तिथे तशी लागू होत नाही. पण बाहेर मैदानात किंवा पटांगणात कर्णा लावला की पोलिसांची लेखी परवानगी हवी आणि रात्री दहाला बंद. शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा न्यायालय असेल तर शांतता क्षेत्राचा प्रश्न येतो, तो आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. निवडणूक जाहीर होण्याची शक्यता असेल तर त्या काळात तारीखच नको. आचारसंहितेत राजकारणावरच्या व्याख्यानाला परवानगी मिळवण्यातच सगळा जोर संपतो.

खर्ज

साठ फूट, पत्रा, दोन्हीकडे खिडक्या. म्हणजे आवाज घुमणार. यावर साउंडवाला करतो तो उपाय म्हणजे आवाज वाढवणं, आणि त्याने शब्द आणखी अस्पष्ट होतात. भाषणात शब्द कळतो तो व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं असतात वरच्या पट्टीत, साधारण एक ते चार किलोहर्ट्‌झमध्ये. लग्नाच्या वाद्यवृंदाला लावलेला सेट जसाच्या तसा आणला तर खर्ज भरपूर आणि शब्द गायब. त्याला स्पष्ट सांगा: बेसचे डबे नकोत, दोन उभे कॉलम स्पीकर हवेत. मिक्सरवर माईकच्या चॅनलचं लो-कट बटण दाबलेलं असू द्या (शंभर हर्ट्‌झच्या खालचं कापतं), आणि ईको-रिव्हर्ब पूर्ण शून्यावर. मराठी गावांत सूत्रसंचालकाच्या आवाजाला ईको देण्याची फार सवय आहे. ते बटण व्याख्यानाच्या आधी कोणीतरी जाऊन बघायला हवं.

कॉलम वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. वक्त्याच्या मागे किंवा ओळीत ठेवले की माईक त्यांचाच आवाज पुन्हा घेतो आणि शिट्टी वाजते. उंची अशी की कॉलमचं तोंड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर राहील, किंचित खाली झुकवलेलं. जमिनीवर ठेवले तर पहिल्या तीन रांगा कानाला हात लावतात आणि मागे काही पोचत नाही. मागच्या भिंतीजवळ आणखी दोन स्पीकर लावायचा मोह आवरा. ध्वनीला साठ फूट जायला पन्नास-बावन्न मिलिसेकंद लागतात. मागच्या रांगेला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी आणि समोरचा नंतर ऐकू येतो. डिले (मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय) लावता येणारा मिक्सर आणि तो लावता येणारा माणूस असेल तरच मागचे स्पीकर.

पत्र्याखालचा घुमारा कमी करायला सगळ्यात स्वस्त उपाय कापड. मागच्या भिंतीवर आणि जमलं तर बाजूच्या रिकाम्या भिंतीवर मंडपवाल्याचे जाड पडदे चुण्या पाडून सोडा, ताणून नको. खाली सतरंज्या. माणसं भरली की घुमारा आपोआप कमी होतो, म्हणून दुपारच्या रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी संध्याकाळी जुळत नाही. चाचणी घ्या, पण शेवटचा बदल पहिल्या पाच मिनिटांत शेवटच्या रांगेत बसून करा. तिथे एक कार्यकर्ता नेमा. त्याचं काम एकच: हाताने खूण करणं.

पोडियमला लवचिक मानेचा माईक, तोंडापासून वीतभर. डाव्या-उजव्या बाजूला मान वळवून बोलणारा वक्ता असेल तर कॉलरचा माईक बरा, पण शाल, उपरणं किंवा गळ्यातला हार त्यावर घासतो. हार घालायचाच असेल तर माईक लावण्याआधी घाला आणि काढून ठेवा. प्रश्नोत्तरांसाठी दोन कॉर्डलेस, सोबत नव्या बॅटऱ्यांचा संच. वक्त्याचा मोबाइल पोडियमवर ठेवू देऊ नका, माईकच्या तारेजवळ फोन असला की मधेच टरटर ऐकू येते. मिक्सर आणि माईकला लहान इन्व्हर्टर लावा. लाइट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतची तीन-चार मिनिटं तरी आवाज टिकतो, नाहीतर तेवढ्यात उठून गेलेले लोक परत येत नाहीत.

कलेवरच्या व्याख्यानाबद्दल एक. तुमच्या खिडक्या मोठ्या आहेत. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेसहाला पडद्यावर काही दिसणार नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं दाखवायची आणि त्यातल्या पाण्यावरच्या करड्या-निळ्या छटाच दिसल्या नाहीत तर व्याख्यानाला अर्थ उरत नाही. एक तर काळे पडदे लावा, नाहीतर तो दिवस साडेसातला सुरू करा. प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनच्या वरचा. वक्त्याच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे की नुसतं टाइप-सी, हे आठवडाभर आधी विचारून जोडणी आणून ठेवा. चित्रं पेनड्राइव्हवर वेगळी मागवून घ्या. मोडी कागद किंवा ताम्रपट दाखवणार असतील तर त्यांना सांगा की पूर्ण पान टाकू नका, दोन-तीन ओळी मोठ्या करून टाका. शेवटची रांग पन्नास फुटांवर असेल तर पडद्यावरचं अक्षर निदान तीन इंच उंच हवं.

ग्रंथघर

फार उपयोगी. कॉलम, पडदे, लो-कट सगळं टिपून घेतलं. विषयांची यादीही बदलायला घेतली आहे. ७३व्या दुरुस्तीवर दोघांनी आत्ताच हरकत घेतली की लोक येणार नाहीत, पण बाकीचे ठाम आहेत.

आणखी दोन प्रश्न. प्रश्नोत्तरांत गावातले दोन-तीन जण उभे राहून स्वतःच भाषण करतात, त्यांना कसं आवरायचं? आणि कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं आहे की वाद नकोत म्हणून वक्त्यांकडून भाषणाचा मसुदा आधी मागवावा. हे योग्य होईल का?

मधली रांग

मसुदा मागवू नका. मुद्दे मागवा, ते वेगळं. मसुदा आला की कोणीतरी त्यावर पेन्सिल चालवणार आणि तिथून सगळं बिघडतं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी वाचलं आणि काही भाग गाळा असं सुचवलं. त्यांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद झाली नाही, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने १,५०० प्रती छापून लोकांपुढे ठेवलं. मंडळाचं नाव आज लोकांना आठवतं ते त्या नकारामुळे. वक्ता निवडताना काय तो विचार करा. एकदा निवडला की तो काय बोलणार हे त्याच्यावर सोपवा. त्याचं म्हणणं मंडळाचं म्हणणं आहे असं नाही, हे पत्रिकेवर एका ओळीत छापता येतं.

वाद होईल अशी शंका असलेल्या विषयाला प्रतिवाद करणाराही बोलवावा, पण त्याच संध्याकाळी नको. एकाच व्यासपीठावर दोघं बसवले की श्रोते कुस्ती बघायला आल्यासारखे बसतात आणि दोघेही टाळ्यांसाठी बोलायला लागतात. दुसऱ्या दिवशीचं पुष्प त्याला द्या. आपल्याकडे समोरासमोर वाद व्हायचेच, नाही असं नाही. १८५७ साली मुंबईत समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद कित्येक आठवडे चालले. पण तिथे ठरलेला वार होता, एका प्रश्नाला पुरेसा वेळ होता आणि पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन येता येत होतं. वीस मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत ते जमत नाही.

भाषण करणाऱ्या प्रश्नकर्त्यांबद्दल. त्यांना आवरण्यापेक्षा व्यवस्था बदला. खुर्च्यांवर कोरी चिठ्ठी आणि दारात पेन्सिली ठेवा. व्याख्यान संपत आलं की दोन कार्यकर्ते चिठ्ठ्या गोळा करतात, एक माणूस त्या बाजूला बसून लावतो: सारखे प्रश्न एकत्र, आधी विषयावरचे, मग लगतचे. तो माणूस विषयाचा जाणकार हवा आणि त्याने मुद्दाम गैरसोयीचे प्रश्न वगळू नयेत, उलट तिखट प्रश्न दुसरा-तिसरा घ्यावा. अगदी शेवटी ठेवला तर वेळ संपला म्हणून राहून जातो आणि लोकांच्या ते लक्षात येतं. चिठ्ठीमुळे बायका आणि शाळा-कॉलेजातली मुलं विचारू लागतात, हा मोठा फायदा आहे. उभं राहून विचारायला लावलं तर प्रश्न नेहमीच्या चार पुरुषांकडूनच येतात.

चिठ्ठ्यांनंतर दहा मिनिटं तोंडी प्रश्नांना ठेवा. तेव्हा कॉर्डलेस माईक कार्यकर्त्याच्या हातातच राहू द्या, प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका. तीसेक सेकंदांनी अध्यक्षांनी "प्रश्न सांगा" एवढंच म्हणावं. माईक हातात नसलेला माणूस तेवढ्यावर थांबतो. आणि वक्त्याने उत्तर देण्याआधी प्रश्न थोडक्यात पुन्हा म्हणावा, नाहीतर मागच्या रांगांना आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसतंच उत्तर ऐकू येतं.

वेळ खाल्ला जातो तो मात्र प्रश्नकर्त्यांकडून नाही, सुरुवातीच्या चाळीस मिनिटांत. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार. साडेसहाची वेळ असते आणि वक्ता सव्वासातला उभा राहतो. तोवर लोकांची निम्मी उमेद संपलेली असते. हे सगळं पहिल्या दिवशी एकदाच करा. बाकी चार दिवस तीन मिनिटांचा परिचय आणि लगेच व्याख्यान. परिचयात पुरस्कारांची यादी वाचू नका. या विषयावर वक्त्याने काय काम केलंय ते चार वाक्यांत सांगा. अध्यक्षीय समारोप ठेवायचा तर पाच मिनिटं. अध्यक्षांनी त्याच विषयावर दुसरं व्याख्यान दिलं की प्रश्नांची वेळ जाते.

खुर्च्या: दीडशे आहेत म्हणून दीडशे मांडू नका. शंभर मांडा, पन्नास बाजूला रचून ठेवा आणि लागतील तशा मागे लावत जा. मधोमध वाट सोडण्याची पद्धत आहे, तीही बदला. वक्ता समोर बघतो तेव्हा त्याला रिकामी पट्टी दिसते आणि सगळे चेहरे कडेला जातात. वाटा दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत ठेवा, मधला भाग सलग भरा.

चौकवाडा

मे की जानेवारी यावर. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, ती एप्रिल-मे मध्ये भरते. नाशिकची मे महिन्यात गोदाकाठी उघड्यावर होते. मे निवडण्यामागे सुट्ट्यांचं कारण होतं, न्यायालयं आणि शाळा बंद, माणसं मोकळी. शहरात ते अजून चालतं. तालुक्याच्या गावी मे म्हणजे लग्नं, यात्रा आणि पत्र्याखालचा उकाडा. पंखे लावले की माईकमध्ये त्यांची घरघर येते. ठाण्याची म्हाळगी व्याख्यानमाला जानेवारीत होते, पणजीत इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाने २००८ पासून भरणारा विचार महोत्सवही थंडीतलाच. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा किंवा दिवाळीनंतरचा आठवडा बघा. ऊसपट्टा असेल तर गळीत हंगामाचा विचार करा, शेतकरी श्रोता संध्याकाळी सातच्या आत मोकळा होत नाही. शेवटची एसटी किती वाजता सुटते ते पाहून संपण्याची वेळ आधी ठरवा आणि त्यावरून सुरू करण्याची.

टिपणवही

राहिलेला प्रश्न रेकॉर्डिंगचा.

जाहीर भाषणाचा कॉपीराइट भाषण करणाऱ्याचा असतो, १९५७च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. शिवाय व्याख्यान देणारा माणूस त्या कायद्यात 'सादरकर्त्या'च्या व्याख्येत येतो, म्हणजे रेकॉर्डिंगवरही त्याचा वेगळा हक्क आहे. मंडळाने मानधन दिलं, सभागृह दिलं, म्हणून चित्रफीत मंडळाची होत नाही. निमंत्रणाच्या पत्राबरोबर अर्ध्या पानाचं संमतीपत्र पाठवा आणि त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: वाचनालयाच्या संग्रहासाठी रेकॉर्डिंग, यूट्यूबवर संपूर्ण व्याख्यान, आणि पुस्तिकारूपाने मुद्रण. काही अभ्यासक पहिलीला हो म्हणतात आणि दुसरीला नाही, कारण तेच संशोधन अजून छापायचं असतं. त्यांचं म्हणणं मान्य करा. छोटे तुकडे काढून टाकणार असाल तर तेही लिहा. सव्वा तासातलं एक वाक्य सुटं फिरलं की वक्त्याला पुढे महिनोन्‌महिने खुलासे करत बसावं लागतं. वर्तमानपत्रात व्याख्यानाचा वृत्तांत देण्याला मात्र कायद्याची आडकाठी नाही. पडद्यावर दाखवलेल्या चित्रांचे आणि छायाचित्रांचे हक्क वेगळे असतात, ते वक्त्याच्या संमतीत येत नाहीत.

आवाज कॅमेऱ्याच्या माईकवर घेऊ नका. मिक्सरच्या लाइन-आउटमधून तार काढून वेगळ्या रेकॉर्डरला द्या, आणि दुसरा रेकॉर्डर किंवा साधा मोबाइल विमान मोडवर टाकून तिसऱ्या रांगेत ठेवा. पहिल्यात वक्ता स्वच्छ येतो, दुसऱ्यात टाळ्या आणि चुकून माईकशिवाय विचारलेले प्रश्न येतात. दोन्ही त्याच रात्री संगणकावर उतरवा आणि फाइलला तारीख, वक्ता, विषय असं नाव द्या.

पण रेकॉर्डिंगवर थांबू नका, टिपण हवं. स्वामी दयानंदांची १८७५ सालची पुण्यातली व्याख्यानं आज वाचता येतात ती कोणीतरी ऐकताना मराठीत उतरवून छापली म्हणून. बाबासाहेबांचं रानड्यांवरचं भाषण पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात १८ जानेवारी १९४३ रोजी झालं आणि त्याच वर्षी पुस्तिका निघाली, म्हणून ते आजही हाताशी आहे. तासाभराचं मराठी भाषण लिहून काढलं की साधारण सात हजार शब्द होतात. मोबाइलवरचं आपोआप लेखन मराठीला बऱ्यापैकी जमतं, पण व्यक्तिनामं, शकाचे आकडे आणि जुने उतारे हमखास चुकतात. ते भाग मूळ ध्वनी ऐकून हाताने दुरुस्त करावे लागतात. त्यासाठी मराठीच्या पदवी वर्गातली दोन मुलं घ्या, त्यांना मानधन द्या, आणि नाव छापा. दुरुस्त प्रत वक्त्याकडे महिन्याच्या आत पाठवा. उशीर झाला की वक्ता स्वतःच संदर्भ विसरलेला असतो आणि मजकूर परत येत नाही. पाच व्याख्यानांची पस्तीस हजार शब्दांची पुस्तिका साधारण दीडशे पानांत बसते. पहिल्या वर्षी तिच्या शंभरच प्रती काढा, प्रत्येक वक्त्याला पाच, तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयाला एक, आणि उरलेल्या पुढच्या वर्षी व्याख्यानमालेच्या दारात विक्रीला ठेवा.